गोबर होण्याआधी

चांगला कोळसा वाजतो. दोन तुकडे एकमेकांवर हलकेच आपटले की कपबशीला चमचा लागल्यासारखा टिणकन आवाज येतो. कच्चा असेल तर नुसता ठप्प. ही पहिली पारख कानाची. दुसरी बोटांची: तुकडा चिमटीत चुरडायचा आणि हात पाण्याच्या धारेखाली धरायचा. काळं लगेच निघून गेलं तर कोळसा पक्का. बोटं तेलकट राहिली, साबणाची वडी शोधावी लागली, तर आतलं डांबर अजून तिथंच आहे. तिसरी नाकाची. पक्क्या कोळशाला वास नसतो. धुरकट, आंबूस वास आला तर समजावं, आग मध्येच कुठंतरी चुकली.

ज्या कोळशाविषयी लिहितोय तो या तिन्ही पारखांना उतरला. गोव्यात, मांद्र्याच्या एका मोरडीवर, डिसेंबरातल्या थंड सकाळी, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात तो तयार झाला. इस्त्रीत किंवा सोनाराच्या शेगडीत तो जायचा नव्हता, मातीत पुरायचा होता. शेतीची मासिकं त्याला बायोचार म्हणतात. माझं आयुष्य कवितांची रसग्रहणं करण्यात आणि मुलांकडून करून घेण्यात गेलं. त्या सकाळी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो तेव्हा वाटलं, ही आगही तशीच वाचता येईल. तिला आरंभ आहे, चढ आहे, लय आहे. आणि तिचं सगळं मर्म कुठं थांबायचं यात आहे.

पण आगीच्या आधी जमीन वाचायला हवी.

महाराष्ट्रात सात-बारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. एका पानाचा कागद. वर तालुका पेडणे, गाव मांद्रे, सर्वे नंबर. खाली लागणीच्या जमिनीचे रकाने: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. त्यापुढं नापीक जमीन, म्हणजे पोटखराब, वर्ग अ आणि वर्ग ब. मग कब्जेदार, कूळ, इतर हक्क, आणि शेवटी शेरा. रुक्ष कागद म्हणून घडी घालून ठेवतात त्याला. पण त्या रकान्यांची शब्दकळा पाहावी. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून राखलेलं शेत. केर रेताड, पाणी लवकर सोडणारी. तरी भाताची. मोरड सगळ्यांच्या वर, डोंगरउतारावर, पावसाच्याच पाण्यावर जगणारी. खाडीपासून डोंगरमाथ्यावरच्या सड्यापर्यंतचा अख्खा चढ चार शब्दांत येतो. कागद सरकारचा असला तरी हे शब्द शेतात चाललेल्या पायांनी घडवलेत.

त्यांतला पोटखराब हा मला सगळ्यांत रसाळ वाटतो. पोटहिस्सा, पोटभाडेकरू यांत जे पोट आहे तेच इथंही: एका नंबराच्या आतला खराब तुकडा, एवढाच त्याचा कारकुनी अर्थ. वाचताना मात्र त्या जमिनीचं पोट बिघडलंय असंच डोळ्यांपुढं येतं. आणि जांभ्याच्या बाबतीत हा दुसरा अर्थ अक्षरशः खरा आहे. या जमिनीच्या पोटात काही ठरत नाही.

पेडण्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. लाखो वर्षं हे पाणी खडकातून झिरपत राहिलं. चुना, पालाश, सिलिका धुऊन नेत राहिलं. मागं उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून हा लाल रंग, म्हणून हे भोकंभोकं पडलेले दगड. फ्रान्सिस बुकाननने 1807 मध्ये मलबारातल्या याच जांभ्या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून. आम्ही त्याला चिरा म्हणतो आणि त्याची घरं बांधतो. पण जो दगड घराला चांगला तो मुळांना कठीण. माती आंबट. घातलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियम पकडून ठेवतं, झाडाला सोडत नाही. नत्र पहिल्याच मोठ्या सरीबरोबर उताराला लागतं. मोरडीला शेण घालणं म्हणजे गाळणीत पाणी ओतणं, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची आणि तरीही घालायची.

अशा जमिनीवर काजू तगला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड इथं इतकं रुजलं की काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामाआधी काजूखालचं रान बेणावं लागतं. कोयत्याने नाहीतर ग्रासकटरने झाडोरा कापायचा, ढीग लावायचे, काडी ओढायची. संध्याकाळी प्रत्येक मोरडीवरून धुराची एक सोंड वर जाते आणि सकाळी ढिगाच्या जागी पांढरी राख असते. वर्षानुवर्षं हेच चाललंय. खड्डा खणायची कल्पना चुलतभावाची. काडी तीच, ढीग तोच, राख मात्र नको.

खड्डा मांडीइतका खोल, वर रुंद, तळाशी निमुळता. जमिनीत नरसाळं रोवावं तसा. शेजारी वाळलेल्या इंधनाचे ढीग प्रकारवार लावलेले: रानमोडीचे पोकळ दांडे, काजूच्या छाटलेल्या फांद्या, माडाची चुडतं, अकेशियाची अंगठ्याएवढी काटकी. यांतलं रानमोडी आणि अकेशिया ही मंडळी आम्ही बोलावलेली नाहीत. रानमोडी अमेरिकेतून आलेलं तण, उजेड दिसेल तिथं घुसतं. अकेशिया सरकारी वनीकरणातून आलं. डिचोलीतल्या खाणींच्या मातीच्या ढिगांवरही तेच लावलेलं. 2012 च्या सप्टेंबरात खाणकाम थांबलं तेव्हा यंत्रं गप्प झाली, ढिगांवरची ही झाडं वाढत राहिली. पडीक जमिनीवर इंधनाचं पीक घ्यावं असं जगभर बोललं जातं. आमच्याकडे ते पीक आम्ही न पेरताच उभं आहे.

काजूच्या बियांची टरफलं तेवढी आणू नको, असं मला आधीच बजावलं होतं. त्यांतलं तेल कातडी भाजतं, धूर डोळ्यांत गेला तर दिवस वाया. अशी वर्ज्य गोष्ट माहीत असणं ही कुठल्याही कलेतली अर्धी जाण.

काडी वरून लावली. खालून लावली असती तर ज्वाळा वर चढत गेली असती आणि तिच्या पुढं पुढं धूर पळाला असता. वरून लावल्याने उलटं होतं. तापलेल्या लाकडातून जो वायू सुटतो त्याला बाहेर पडायला ज्वाळेतूनच वाट. तो तिथंच जळतो. वरची ज्वाळा हवेतला प्राणवायू खाऊन टाकते, म्हणून तिच्या पोटाखालच्या निखाऱ्यांना तो मिळतच नाही. ज्वाळा स्वतःच खड्ड्याचं झाकण होते. ही युक्ती शंकूच्या आकाराच्या भट्टीत बसवून स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेने 2014 च्या सुमारास कॉन-टिकी या नावाने जगापुढं मांडली. मातीतला खड्डा ही तिची गरिबाघरची आवृत्ती, आणि मला ती अधिक देखणी वाटते, कारण तिच्यात आगीशिवाय दुसरं काहीच नाही.

आता लय. पहिला थर पेटला. तो ज्वाळा सोडून लाल झाला. मग लालावर करड्या राखेची अगदी पातळ साय धरायला लागली. नेमक्या त्या क्षणी पुढचा थर. आधी घातला तर आग गुदमरते, पिवळा धूर येतो. उशीर केला तर साईची जाड राख होते. तबल्यात खालीची मात्रा असते, जिथं डग्ग्यावर हात पडत नाही पण ताल त्या न पडण्यावर उभा असतो. तसं हे साय धरेपर्यंतचं थांबणं. मी दोनदा घाईने काटक्या टाकल्या. दोन्ही वेळा खड्ड्यातून दाट पिवळा धूर उठला आणि चुलतभाऊ काही न बोलता खोकला. त्याने टाकलेल्या थरांना मात्र जवळजवळ धूरच नव्हता. ज्वाळेच्या वरची हवा नुसती थरथरत होती आणि तिच्यापलीकडचा काजू पाण्यात दिसावा तसा हलत होता.

तीन तासांनी खड्डा काठोकाठ भरला. शेवटचा थर लाल झाला, कडेला करडं दिसू लागलं. काकी मागं उभी होती. ती ओरडली, "घाल रे उदक आता! नायतर गोबर जातलो!"

पेडण्याच्या बोलीत गोबर म्हणजे राख. घाटावरच्या वाचकाला गोबर म्हटलं की शेण आठवेल. आमच्याकडे चुलीत सकाळी उरतो तो गोबर. एखादं काम पार बिघडलं, पैसा बुडाला, तरी गोबर झाला म्हणतात. काकीच्या या एका वाक्यात बायोचारचं सगळं शास्त्र होतं. आग लाकडाचं आधी कोळशात रूपांतर करते, मग कोळशाचं राखेत. दोहोंच्या मधे जी फट आहे तिथं पाणी घालायचं. राब भाजताना, ढीग पेटवताना आपण आगीला तिच्या मनाप्रमाणं शेवटापर्यंत जाऊ देतो. इथं तिचा शेवट तिला सांगू दिला नाही.

मोरडीवर डिसेंबरात पाणी नसतं. पिंपं भरून टेम्पोने वर आणली होती, आणि हा या रचनेतला खरा खर्च. पहिल्या कळशीला खड्ड्याने असा चीत्कार केला की झाडावरचे कावळे उडाले. वाफेचा पांढरा खांब वर गेला. चौथ्या-पाचव्या कळशीला आवाज फुसफुसीवर आला, मग बुडबुड्यांवर. बाराव्या कळशीनंतर खड्डा गप्प.

दुसऱ्या दिवशी वाळलेला एक तुकडा फोडून मी भिंगाखाली धरला. काजूच्या फांदीचा होता. लाकडाच्या जलवाहिन्या आडव्या कापलेल्या दिसत होत्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या, एकेक भिंत शाबूत. झाड गेलं होतं, त्याचा आराखडा राहिला होता. अशा कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर काहीशे चौरस मीटर भरतात. राखेला असा आतला भाग नसतो. राख जे सांगायचं ते एका पावसात सांगून मोकळी होते: थोडा पालाश, थोडा चुना, संपलं. कोळसा बोलत नाही, सुचवतो. आणि आपल्याकडच्या काव्यशास्त्राने वाच्यार्थापेक्षा ध्वनीला वरचं आसन दिलंय ते उगाच नाही.

हिशेबही पाहू, कारण रसिकाला हिशेबाचं वावडं नसावं. 100 किलो वाळल्या काटकीत सुमारे 50 किलो कार्बन असतो. ढीग पेटवला तर तो जवळजवळ सगळा त्याच संध्याकाळी हवेत. खड्ड्यातून 20 किलो कोळसा हाती लागला तर त्यात 15 किलोंच्या आसपास कार्बन. बाकीचा ज्वाळेतून गेलाच. ते लपवण्यात अर्थ नाही. पण हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, 2019 मध्ये जी हिशेबाची रीत ठरवली तिच्यानुसार 600 अंश सेल्सिअसच्या वर तयार झालेल्या बायोचारमधला 89 टक्के कार्बन शंभर वर्षांनीही मातीतच असतो. 350 ते 450 अंशांच्या कोळशात 65 टक्के. म्हणजे खड्ड्याची आग 600 च्या वर गेली असेल तर त्या 15 मधले 13 किलो पणतूच्या काळापर्यंत मोरडीच्या पोटात ठरतील. ज्या पोटात काही ठरत नाही म्हणून कागदावर खराब लिहिलं, तिथं.

ॲमेझॉनच्या जंगलात हे आधीच घडून गेलंय. तिथली मातीही आपल्यासारखीच पावसाने धुतलेली. पण जुन्या वसाहतींच्या जागी काळ्या मातीचे पट्टे सापडतात. चुलीचा कोळसा, माशांचे काटे, खापरं, माणसांचा कचरा हे सगळं शतकानुशतकं मुरून झालेली ती माती, तेर्रा प्रेता. माणसं गेली, तिची कस धरून राहण्याची खोड गेली नाही. त्यातून एक गोष्ट शिकायची: नुसता कोळसा पुरेसा नाही. कोरडा कोळसा भुकेला असतो. तसाच मातीत घातला तर पिकाच्या वाटणीचं नत्र आधी स्वतःच धरून बसतो. म्हणून आम्ही तो ठेचून तीन आठवडे शेणकाल्यात आणि गोमूत्रात भिजत ठेवला, मग काजूच्या कलमांच्या आळ्यांत दोन-दोन पाट्या घातला. सगळ्या मोरडीला पुरवायचा तर हेक्टरी काही टन लागेल. तेवढं लाकूड आणायचं कुठून? मुळाशी घालावा, तिथंच त्याची शोभा.

कोळसा सगळीकडे सारखा लागू पडतो असंही नाही. जगभरच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब 2017 मध्ये मांडला गेला तेव्हा उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी 25 टक्के वाढल्याचं दिसलं, समशीतोष्ण प्रदेशात जवळजवळ काहीच नाही. युरोपच्या सुपीक, चुनखडी घालून जोपासलेल्या मातीला त्याची गरजच नव्हती. आंबट, धुतलेल्या, दमलेल्या मातीला होती. एकच शब्द एका ओळीत निर्जीव आणि दुसरीत जागचा हलवता येऊ नये असा, हे कवितेत आपण पाहतोच.

मराठी मुलखात या कलेचं एक दुसरं घराणं आहे, फलटणचं. उसाचं पाचट शेतातच पेटवून द्यायची रीत. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने त्या पाचटाचा कोळसा पाडून त्याच्या कांड्या करण्याचं तंत्र बसवलं आणि 2002 मध्ये त्यासाठी ॲशडेन पुरस्कार मिळवला. त्याच फलटणमध्ये बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये सुरू केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर काम केलं: कणसाचं धान्य माणसाला, ताटाच्या रसाचं इथेनॉल, उरलेला चोथा गुरांना. एका पिकातून तिघांचं भागवणारी ही रचना मला फार आवडते, कारण तिच्यात इंधन भाकरीशी भांडत नाही. फलटणचा कोळसा पुन्हा चुलीत जातो. लाकूडतोड वाचवतो, स्वयंपाकघरातला धूर कमी करतो. आमचा जमिनीत जातो. कच्चा माल एका जातीचा, अर्थ निराळे. दोन्ही आपापल्या जागी खरे.

आता न्यून. रसग्रहणात ते सांगायचं टाळलं तर ती जाहिरात होते.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काश्मिरात औचित्याचा विचार मांडला. अलंकार जागचा नसेल तर तो अलंकारच राहत नाही, हा त्याचा मुद्दा. पडीक जमिनीवर इंधन पिकवण्याची आपल्या देशातली मोठी गोष्ट नेमकी इथं फसली. 2003 मध्ये योजना आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची शिफारस केली. 1 कोटी 34 लाख हेक्टरांवर लागवडीचं स्वप्न होतं. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य लिहिलं गेलं. कोकणातल्या शेतकऱ्याला हे झाड ठाऊक होतं, कुंपणावर. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून. कुंपणावरून उचलून त्याला शेतात बसवलं. खडकाळ जमिनीत, पाण्यावाचून, खतावाचून झाड जगलं, पण बी धरेना. खराब जमिनीत लावलेलं पीक खराब जमिनीतल्यासारखंच येतं, एवढी साधी गोष्ट आकड्यांखाली दबली होती.

त्याहून मोठी चूक वाचनाची. पडीक हा शब्द वाचून जमीन रिकामी आहे असं मानलं गेलं. सडा ऑगस्टमध्ये जाऊन पाहावा. जांभ्यावर साचलेल्या बोटभर पाण्यात सीतेची आसवं निळीजांभळी फुलतात, तेरडा उभा राहतो, गुरं चरतात. आणि तेच पाणी भोकाभोकांतून झिरपत खालच्या वाड्यांच्या विहिरींत उतरतं. मोपाचा सडाही असाच रिकामा समजला गेला. तिथल्या विमानतळाच्या पर्यावरण परवान्याला सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्थगिती दिली, 2020 मध्ये अटींसह ती उठवली. आज तिथून विमानं उडतात. मांद्र्यात तर मोरडीचा खरा शत्रू आता नापिकी नाही, तिचा भाव आहे. कागदावर नापीक लिहिलेल्या तुकड्यावरून समुद्र दिसत असेल तर तो सगळ्यांत आधी विकला जातो.

म्हणून खड्ड्यासाठी झाडं लावायची नाहीत, असं आमचं ठरलंय. पडलेलं, छाटलेलं, बोलावल्याशिवाय आलेलं तेवढंच जाळायचं. आणि फेब्रुवारीनंतर काडी ओढायची नाही. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे आम्ही विसरलेलो नाही. कुठं थांबायचं हा प्रश्न खड्ड्यात जसा, तसाच खड्ड्याबाहेरही.

इंधनाचं पीक म्हणायचंच तर किनाऱ्यावरची उंडी आहे. खाऱ्या वाऱ्यात, रेतीत, जिथं दुसरं काही धड उभं राहत नाही तिथं ती गर्द सावली धरून असते. वटवाघळं तिची गोल फळं कुरतडून बिया खाली टाकतात. माणसं त्या वेचायची, घाण्यावर तेल काढायची, आणि ते देवळाच्या दिव्यात, घरच्या समईत जळायचं, होड्यांच्या लाकडालाही लागायचं. तिच्यासाठी ना समिती नेमली गेली ना लक्ष्य ठरलं. झाड उभंच ठेवून इंधन घेण्याची ती रीत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा मोरडीवर गेलो. चार दिवस पाऊस पडून गेला होता. एका कलमाच्या आळ्यातली माती बोटांनी उकरली. लाल चिखलात काळे तुकडे दिसले. एकाला केसाएवढी पांढरी मुळी चिकटून होती, एका भोकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर आलेली. मी ती न तोडता शेजारचे दोन सुटे तुकडे उचलले, धुतले आणि सवयीने एकमेकांवर आपटले.

वाजले नाहीत. पाणी भरलं होतं आत.